ॲब्लेशननंतरही हृदय धावते तेव्हा

पाणवठा (धागा सुरू करणारी)

नमस्कार. मी ४७ वर्षांची असून पुण्यातील एका शाळेत गणित शिकवते. चौदा महिन्यांपूर्वी माझे हृदयाचे ॲब्लेशन (ठोके बिघडवणारी जागा जाळून बंद करण्याची प्रक्रिया) झाले आणि तरीही गेले काही महिने माझे हृदय अधूनमधून धावू लागले आहे. ॲब्लेशन करावे की नाही, याविषयी थोडेफार वाचायला मिळते. ते करून घरी आल्यानंतर काय काय होते, याविषयी मात्र कोणी फारसे बोलत नाही. माझा प्रश्न नेमका तिथला आहे.

पहिला झटका मला एकोणिसाव्या वर्षी आला. मी वाकून पाण्याची बादली उचलली आणि बटण दाबावे तसे हृदय एकदम पळू लागले. गळ्यात बेडूक उड्या मारतो आहे असे वाटत होते. वीस मिनिटांनी ते तितक्याच अचानक थांबले आणि नंतर तासभर मला पुन्हा पुन्हा लघवीला जावे लागले. पुढची पंचवीस वर्षे हे असेच चालले. दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळे शांत झालेले असे, ईसीजी स्वच्छ येई आणि 'तुम्ही फार मनावर घेता' एवढे ऐकून मी परत येई. सासूबाईंनी माझी दृष्टही काढून पाहिली. त्यांच्या उपायाने गुण आला नाही, पण निदान त्यांनी माझ्यावर विश्वास तरी ठेवला. अखेर एक झटका तास उलटला तरी थांबेना, तेव्हा रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात १९४ ठोके ईसीजीवर पकडले गेले. शिरेतून ॲडेनोसिन हे असा झटका तोडणारे औषध दिले. काही सेकंद छातीवर कोणी बसल्यासारखे झाले, आपण आता संपलो असे वाटले, आणि पुढच्या क्षणी नाडी ९० वर आली.

निदान एव्हीएनआरटीचे झाले. हृदयाच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये एव्ही नोड नावाचे जे विजेचे नाके असते, तिथे माझ्याकडे जन्मतःच दोन वाटा आहेत, एक वेगवान आणि एक संथ. एखादा अवेळी पडलेला ठोका संथ वाटेने खाली उतरतो, वेगवान वाटेने वर परततो आणि मग घाण्याच्या बैलासारखा त्याच रिंगणात फिरत राहतो. ॲब्लेशनमध्ये जांघेतील शिरेतून तारा हृदयापर्यंत नेल्या, तोच झटका मुद्दाम उठवला आणि संथ वाट उष्णतेने जाळून बंद केली. मी पूर्ण वेळ जागी होते.

आठ महिने स्वर्गीय गेले. ऑक्टोबरपासून मात्र दोन प्रकार सुरू झाले आहेत. शाळेचे दोन जिने चढले की नाडी १३० पर्यंत जाते आणि पंधरा मिनिटे खाली येत नाही. कधी कधी नुसती फळ्यासमोर उभी असतानाही ११० असते. दुसरा प्रकार म्हणजे रात्री अंथरुणावर पडल्यावर हृदय चार-सहा ठोके एकदम भरभर टाकते आणि थांबते. हा दुसरा प्रकार आला की जुन्या झटक्याची वाट पाहत मी तासभर जागी राहते. वाट पुन्हा उघडली असेल का? आणि उघडली नसेल, तर मग हे काय आहे?

कौलारू

ताई, मी नाशिकचा, वय ६१, निवृत्त. माझे ॲब्लेशन एट्रियल फिब्रिलेशनसाठी (हृदयाचे वरचे कप्पे अनियमित थरथरण्याचा विकार) झाले, म्हणजे तुमचे आणि माझे दुखणे एक नाही, तरी घरी आल्यानंतरच्या रात्री बऱ्याचशा सारख्याच असाव्यात. माझ्यात फुप्फुसांकडून येणाऱ्या चार शिरांच्या मुखाशी कडे करून ती जागा उरलेल्या हृदयापासून विजेच्या दृष्टीने वेगळी केली. अनियमित ठोक्यांची ठिणगी बहुतेक वेळा याच शिरांमध्ये पडते, हे फ्रान्समधील बोर्दो येथील मिशेल हैसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवून दिले आणि त्यानंतर ही शस्त्रक्रिया रूढ झाली.

मला घरी सोडताना डॉक्टरांनी एक गोष्ट दोनदा बजावली होती, ती मी तिसऱ्या दिवशी विसरलो. पहिल्या दोन-तीन महिन्यांत काहीही झाले, तरी शस्त्रक्रिया फसली असे समजायचे नाही. जाळलेल्या जागेला सूज असते, भोवतीचे स्नायू चिडलेले असतात आणि या काळात झटके येऊनही पुढे कायमचे थांबलेली माणसे पुष्कळ असतात. पूर्वी हा काळ तीन महिन्यांचा धरीत. २०२४ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीपत्रात तो आठ आठवड्यांवर आणला आहे. मला पाचव्या आठवड्यात अकरा तासांचा झटका आला. मी मुलाला बोलावून कपाटाच्या किल्ल्या कुठे आहेत ते सांगून ठेवले. त्यानंतर आजवर एकही मोठा झटका आलेला नाही, आणि मुलगा अजून त्या किल्ल्यांवरून माझी चेष्टा करतो.

दुसरी गोष्ट तुमच्या प्रश्नाच्या जवळची आहे. शस्त्रक्रियेआधी बसल्या जागी माझी नाडी ६२ असे. नंतर ती ७८ झाली आणि वर्षभर तिथेच राहिली. मी घाबरलो. उत्तर असे मिळाले की हृदयाला लगाम घालणाऱ्या व्हेगस मज्जातंतूची गुच्छे डाव्या वरच्या कप्प्याच्या भिंतीलगत असतात आणि शिरांभोवती जाळताना त्यांतील काही होरपळतात, म्हणून लगाम थोडा सैल होतो. बहुतेकांत तो हळूहळू पूर्ववत होतो. तुमच्यात जाळण्याची जागा वेगळी असल्यामुळे हेच कारण लागू होईल का, हे जाणकारांनी सांगावे.

आडवाट

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. तुमच्या मनगटावर नाडी दाखवणारे घड्याळ आहे, हे आकडे वाचूनच कळते. ते काढून ठेवा. माझेही एव्हीएनआरटीचे ॲब्लेशन झाले आहे. पहिले सहा महिने मी दिवसातून शंभर वेळा मनगट पाहत असे आणि पाहिले की नाडी वाढे, वाढली की पुन्हा पाहत असे. घड्याळ बहिणीला देऊन टाकले. चार वर्षांत मला काहीही झालेले नाही.

गवतीचहा

मी कोल्हापूर जिल्ह्यात फिजिशियन म्हणून काम करतो. हृदयाच्या विजेचा तज्ज्ञ मी नाही आणि धाग्यावर निदान करणे योग्यही नाही. तरी पाणवठा यांनी वर्णन इतके नेमके केले आहे की काही गोष्टी वेगळ्या करून दाखवता येतील.

ॲब्लेशननंतर हृदय वेगाने चालणे, हे एका आजाराचे नाव नाही. त्या एका तक्रारीखाली निदान चार वेगवेगळ्या गोष्टी येतात आणि त्यांचा अर्थ एकमेकींपासून फार दूर असतो. जळालेली वाट पुन्हा जिवंत झाली, ही एक. हृदयाच्या दुसऱ्याच जागी नवी गडबड सुरू झाली, ही दुसरी. सुटे अवेळी ठोके पडत आहेत, ही तिसरी. आणि हृदयाचा स्वतःचा नैसर्गिक ठोकाच कुठल्यातरी कारणाने जलद झाला आहे, ही चौथी. रुग्णाला चारही वेळा 'धडधडते' असेच वाटते आणि ते खोटेही नसते.

यांतील पहिली ओळखण्यासाठी सुरुवात आणि शेवट यांकडे लक्ष द्यावे. एव्हीएनआरटी एका ठोक्यात सुरू होते आणि एका ठोक्यात संपते. 'बटण दाबावे तसे' हे पाणवठा यांचे शब्द मी विद्यार्थ्यांना वाचून दाखवीन. त्यात वरचे आणि खालचे कप्पे जवळजवळ एकाच वेळी आकुंचन पावतात, मधल्या झडपा बंद असताना वरचा कप्पा दाब देतो आणि रक्ताचा धक्का उलटा गळ्यातील शिरांत जातो. तो गळ्यातला बेडूक हाच. वरच्या कप्प्यांवर ताण आल्यामुळे जे संप्रेरक सुटते, त्याने नंतर भरपूर लघवी होते. याउलट जिना चढताना चढत गेलेली आणि पंधरा मिनिटांत उताराने खाली आलेली नाडी रिंगणाची नसते. रिंगण उतार जाणत नाही, ते एक तर चालू असते किंवा तुटलेले असते. तुमच्या लेखनात ऑक्टोबरनंतर बेडकाचा आणि लघवीचा उल्लेख नाही, हे माझ्या लक्षात आले. तो राहून गेला असेल, तर तसे सांगावे.

नैसर्गिक ठोका जलद असेल, तर कारण बहुधा हृदयाबाहेर शोधावे लागते. आपल्याकडे सर्वांत आधी हिमोग्लोबिन पाहावे, त्यासोबत लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन आणि थायरॉइडसाठी टीएसएच. चाळिशीच्या उत्तरार्धातील स्त्रियांना पाळीत जास्त रक्तस्राव होत असेल, तर शरीरातील लोहाचे साठे हिमोग्लोबिन घसरण्याच्या कितीतरी आधी रिकामे होतात. मग पाणी किती पिता, झोप किती होते, सर्दीची गोळी घेतली होती का, दम्याचा पंप वापरता का, हे विचारावे लागते. नाक मोकळे करणाऱ्या बऱ्याच औषधांमध्ये ठोके वाढवणारे द्रव्य असते आणि ती चिठ्ठीशिवाय मिळतात. घरी एक साधी तपासणी करता येते. दहा मिनिटे शांत आडवे पडून नाडी आणि रक्तदाब मोजावा, मग उभे राहून दहा मिनिटांपर्यंत मधून मधून मोजत राहावे. रक्तदाब फारसा न उतरता नाडी ३० किंवा त्याहून जास्त वाढत असेल आणि हे नेहमीचेच असेल, तर ती माहिती डॉक्टरांना द्यावी. हे सगळे स्वच्छ निघूनही नाडी बसल्या जागी शंभरावर आणि चोवीस तासांची सरासरी नव्वदीच्या वर राहिली, तर नैसर्गिक ठोक्याचाच वेग बिघडल्याचे निदान केले जाते. त्याला आयव्हाब्राडीनसारखी औषधे आहेत, आणि असे निदान ॲब्लेशन झालेल्यांतही कधी कधी होते.

आता घड्याळाविषयी. आडवाट यांच्या अनुभवाबद्दल आदर आहे, पण झटका चालू असतानाची ईसीजीची पट्टी हाच या दुखण्यातील एकमेव साक्षीदार आहे. पाणवठा यांची पंचवीस वर्षे तो साक्षीदार न मिळाल्यामुळेच गेली. मागच्या बाजूच्या हिरव्या दिव्याने जी नाडी मोजली जाते, ती चालताना फसते. पुष्कळदा घड्याळ पावलांचा ठेका धरते आणि तोच नाडी म्हणून दाखवते. बोट टेकवून तीस सेकंदांची ईसीजी पट्टी काढणारी घड्याळे आणि छोटी यंत्रे मिळतात, ती वापरावीत. ती नसतील तर अंगावर बांधून सतत ईसीजी नोंदवणारा होल्टर आहेच, पण रोज न येणारी तक्रार चोवीस तासांच्या होल्टरमध्ये सापडणे नशिबावर असते. एक ते दोन आठवडे अंगावर चिकटवून ठेवायच्या पट्ट्याही आता उपलब्ध आहेत.

धडधडीसोबत चक्कर येऊन शुद्ध हरपली, छातीत दुखू लागले, बोलताना दम लागू लागला किंवा अर्ध्या तासात झटका थांबला नाही, तर धाग्यावर लिहीत बसू नये. १०८ ला फोन करावा.

आडवाट

डॉक्टर, पट्टीचे म्हणणे मान्य आहे. तरी पट्टी काढण्यासाठी घड्याळ हवे आणि ते मनगटावर असले की माणूस पाहणारच, हा माझा मुद्दा राहतोच. आजार बरा झाला आणि त्याची पाळत शिल्लक राहिली, असे माझे झाले होते. माझ्या बायकोचे म्हणणे असे की झटके येत असताना मी जास्त आनंदी होतो, कारण दोन झटक्यांच्या मध्ये मी त्यांचा विचार करीत नसे.

पाणवठा

आडवाट, तुमच्या पत्नीचे वाक्य मी दोनदा वाचले. माझ्या घरीही हेच चालू आहे.

गवतीचहा, बेडूक नाही. लघवीचेही तसे काही नाही. मी इतके दिवस हे स्वतःलाच विचारले नव्हते, याचे आश्चर्य वाटते. पाळीचा तुमचा अंदाजही बरोबर आहे. दीड वर्षापासून सात-सात दिवस जाते आणि ती गोष्ट मी हृदयाच्या डॉक्टरांना सांगण्याजोगी मानली नव्हती. उद्या रक्त तपासायला देते.

संत्रानगरी

मी नागपूरचा, वय २६. माझे ॲब्लेशन दोनदा झाले आहे, म्हणून वाट पुन्हा उघडणे म्हणजे काय असते ते सांगतो.

मला वुल्फ-पार्किन्सन-व्हाइट आहे, म्हणजे होता. या तिघांनी १९३० मध्ये ज्याचे वर्णन केले, तो प्रकार असा की वरच्या आणि खालच्या कप्प्यांना जोडणारी एक आगाऊ तार जन्मतःच राहून गेलेली असते. माझी डाव्या बाजूला होती. पहिल्या वेळी ती जाळली, टेबलावरच ईसीजी सामान्य झाला, सगळे खूश झाले. सातव्या आठवड्यात क्रिकेट खेळताना सीमारेषेजवळ झेल घ्यायला वाकलो आणि २१० ने सुरू झाले. ते ओळखायला मला एक सेकंदही लागला नाही. जुन्या मित्राची हाक ओळखावी तसे ते ओळखू येते. तोपर्यंत पंधरा दिवस मलाही सुटे ठोके, दचकून जाग येणे, जिन्यावर नाडी वाढणे असे सगळे होत होते आणि प्रत्येक वेळी मी 'परत आले' असे आईला सांगत होतो. खरोखर परत आल्यावर कळले की आधीचे ते नव्हतेच.

दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून कारण समजावले. उष्णतेने काही पेशी मरतात आणि शेजारच्या नुसत्या सुजतात. सुजलेल्या पेशींतून वीज जात नाही, म्हणून त्या दिवशी काम फत्ते झाल्यासारखे दिसते. सूज ओसरली की त्या पुन्हा कामावर येतात. म्हणूनच परत येणारे बहुधा पहिल्या काही महिन्यांत परत येते. ताईंचे आठ महिने कोरडे गेले, हे ऐकून मला तरी बरे वाटले. दुसऱ्या ॲब्लेशनला तीन वर्षे झाली. मी पुन्हा खेळतो, झेल मात्र उभ्याने घ्यायचा प्रयत्न करतो, जे हास्यास्पद आहे हे मला कळते.

गवतीचहा

संत्रानगरी यांच्या निमित्ताने एक इशारा देणे भाग आहे. धाग्यावर औषधांची नावे येऊ लागली की लोक एकमेकांच्या गोळ्या घेऊ लागतात. एव्हीएनआरटीत उपयोगी पडणारी व्हेरापामिलची गोळी आगाऊ तार असलेल्या माणसाला एट्रियल फिब्रिलेशन झाले असता घातक ठरू शकते, कारण एव्ही नोडचे नाके मंद केले की सगळी वाहतूक त्या आगाऊ तारेने बेबंदपणे खाली येऊ शकते. तक्रार एकच वाटली, तरी गोळी आपली आपण घ्यावी, शेजाऱ्याची नाही.

आणि कौलारू यांच्यासारखे ॲब्लेशन नुकतेच झालेल्यांसाठी: डाव्या वरच्या कप्प्याच्या लगेच मागे अन्ननलिका असते. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या दीड-दोन महिन्यांत ताप, गिळताना दुखणे किंवा बोलण्यात अडखळणे असे काही झाले, तर जवळच्या दवाखान्यात ताप म्हणून गोळ्या घेत बसू नये, ज्यांनी ॲब्लेशन केले त्यांच्याकडेच जावे आणि त्यांना विचारल्याशिवाय दुर्बिणीने अन्ननलिका तपासू देऊ नये. ही गुंतागुंत अत्यंत विरळ आहे, पण ती ओळखायला उशीर झाला तर जीव वाचवणे कठीण होते.

उशिरा_आलेली

धागा आज वाचला. आईचे ॲब्लेशन दोन वर्षांपूर्वी झाले, तिचे वय ७२ आहे. तिला आता काहीच होत नाही, म्हणून रक्त पातळ करण्याची गोळी बंद करावी असा घरातील मोठ्यांचा आग्रह आहे. ती नवरात्रात नऊ दिवस उपवास करते आणि त्या दिवसांत तिचे ठोके वाढतात, हेही खरे आहे.

कौलारू

गोळीच्या बाबतीत घरातील मोठ्यांचे ऐकू नका. मलाही तोच मोह झाला होता. मला असे समजावण्यात आले की ती गोळी ठोक्यांसाठी नसून पक्षाघात टाळण्यासाठी असते, आणि ती चालू ठेवायची की नाही हे वय, रक्तदाब, मधुमेह, पूर्वीचा पक्षाघात अशा गोष्टींवर ठरते. ठोके जाणवतात की नाही, यावर ते ठरत नाही. वयाच्या सत्तरीनंतर ठोके बिघडूनही जाणवत नाहीत, असेही अनेकदा होते. आईंच्या डॉक्टरांनाच विचारा.

उपवासाचे म्हणाल तर साबुदाण्यापेक्षा पाण्याकडे पाहा. आमच्या घरी उपवासाच्या दिवशी चहा सहा वेळा होतो आणि पाणी दोनदा. मी आता उपवास करतो, पण ताक आणि शहाळे ठरलेल्या वेळी घेतो. दारू मी पूर्ण सोडली. ऑस्ट्रेलियात नियमित पिणाऱ्या, फिब्रिलेशनच्या १४० रुग्णांवर झालेला आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास डॉक्टरांनी पुढ्यात ठेवला. सहा महिन्यांत पिणे चालू ठेवणाऱ्यांपैकी ७३ टक्क्यांना फिब्रिलेशन पुन्हा झाले, सोडणाऱ्यांपैकी ५३ टक्क्यांना. चहा मात्र मी सोडलेला नाही आणि कोणी सोडायला सांगितलेलाही नाही.

पाणवठा

तीन आठवड्यांनी लिहीत आहे. हिमोग्लोबिन ९.६, फेरिटिन ६, दोन्ही कमी. थायरॉइड ठीक आहे. हे आकडे पाहून आमचे कुटुंबाचे डॉक्टर म्हणाले की या रक्तावर दोन जिने चढून नाडी १३० झाली नसती, तरच काळजी वाटली असती. लोहाची गोळी सुरू झाली आहे. चहाबरोबर घ्यायची नाही असे सांगितल्यामुळे सकाळचे सगळे वेळापत्रक बदलले. पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे सोनोग्राफी झाली आणि तिथले उपचार वेगळे चालू आहेत.

ज्यांनी ॲब्लेशन केले त्यांच्याकडेही गेले. पतीने आणलेल्या छोट्या यंत्रावर मी एकूण अकरा पट्ट्या काढल्या होत्या. डॉक्टरांनी त्या पत्त्यांसारख्या टेबलावर मांडल्या. जिन्यावरच्या सात पट्ट्या नैसर्गिक ठोक्याच्या. प्रत्येक ठोक्याआधीची छोटी लाट त्यांनी पेन्सिलीने मलाही दाखवली आणि एकदा दाखवल्यावर ती मला पुढच्या पट्टीत स्वतःला सापडली. रात्रीच्या चारपैकी दोन पट्ट्यांत काहीच नव्हते, कारण यंत्र उशाशी शोधेपर्यंत सगळे संपलेले होते. उरलेल्या दोनमध्ये वरच्या कप्प्यातून आलेल्या अवेळी ठोक्यांची पाच आणि सात ठोक्यांची साखळी होती. जुने रिंगण एकाही पट्टीत नव्हते.

मी विचारले की मग ते परत येणारच नाही ना. त्यांनी ना म्हटले नाही. संथ वाट ते मुळापासून पुसून टाकत नाहीत, तिच्यातून रिंगण चालू राहू शकणार नाही इतकी ती निकामी करतात, कारण आणखी जाळत गेले तर मुख्य नाक्यालाच इजा होऊन पेसमेकर बसवण्याची वेळ येऊ शकते. शंभरांतील चार-पाच जणांना पुन्हा त्रास होतो, आणि झालाच तर पुन्हा ॲब्लेशन करता येते. मुलांना संभाव्यता शिकवणाऱ्या मला हे समजायला हवे होते. समजतेही, पण रात्री दोन वाजता छातीत सात ठोके एकदम पडतात तेव्हा आपण पंचाण्णवांत आहोत की पाचांत, हे गणिताला सांगता येत नाही.

तरी फरक पडला आहे. पूर्वी धडधड सुरू झाली की मी 'परत आले का' असे विचारत असे. आता 'कसे सुरू झाले' असे विचारते, आणि या प्रश्नाला बहुतेक वेळा उत्तर असते. आडवाट यांच्यासाठी: घड्याळ खणात गेले, यंत्र उशाशी राहिले. त्यावर बोटे टेकवल्याशिवाय ते काही दाखवत नाही, ही त्याची चांगली बाजू आहे.

शाळेत मी आधी कोणालाही काही सांगितले नव्हते. मागच्या सोमवारी वर्गात नाडी वाढली तेव्हा खुर्चीवर बसले आणि मुलांना म्हटले की बाईंना पाच मिनिटे बसून शिकवावे लागेल. एका मुलाने पाण्याची बाटली आणून दिली, बाकीच्यांनी पाच मिनिटांत उदाहरण सोडवण्याऐवजी गोंधळ घातला. म्हणजे सगळे नेहमीप्रमाणे झाले.

आडवाट

खणाची बातमी घरी वाचून दाखवली. पावती मिळाली असे समजावे.

संत्रानगरी

डॉक्टर, जुन्या प्रकारचा झटका खरेच आला तर घरी काय करायचे, हे तुम्ही लिहाल का? मला तोंडावर बर्फाचे पाणी आणि श्वास रोखून जोर लावणे, एवढेच सांगितले होते. त्यातले पहिले उपयोगी पडे, दुसरे नाही.

गवतीचहा

जोर लावण्याची सुधारलेली पद्धत आहे. इंग्लंडमध्ये तातडीच्या विभागांत आलेल्या ४२८ रुग्णांवर तिची तुलना झाली आणि २०१५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ती प्रसिद्ध झाली. नेहमीच्या पद्धतीने १७ टक्क्यांचे ठोके पूर्ववत झाले, सुधारलेल्या पद्धतीने ४३ टक्क्यांचे. अर्धवट टेकून बसावे आणि पंधरा सेकंद जोराने फुंकर दाबून धरावी. ती संपताक्षणी सोबतच्या माणसाने तुम्हाला सपाट आडवे करून दोन्ही पाय पंचेचाळीस अंशांपर्यंत उचलून पंधरा सेकंद धरावेत. मग पुन्हा टेकून बसावे. हृदयाकडे परतणारे रक्त एकदम वाढते आणि लगाम खेचला जातो. एकट्याने हे जमत नाही, म्हणून घरातील एकाला आधीच शिकवून ठेवावे. झटका चालू असताना शिकवणी घेता येत नाही. आपल्या डॉक्टरांना हे आपल्यासाठी चालेल ना, असे एकदा विचारावे. मानेवरची शीर चोळण्याचा प्रयोग मात्र घरी मुळीच करू नये.

कौलारू

फुंकर कशात मारायची? नुसती हवेत?

गवतीचहा

१० मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये, आतला दट्ट्या जेमतेम हलेल इतक्या जोराने. सुई अर्थातच काढून. पण कौलारू, तुम्ही आणू नका. एट्रियल फिब्रिलेशन या युक्तीने थांबत नाही, कारण तिथे नाक्यापाशी तोडण्यासारखे रिंगणच नसते.

कौलारू

आजच दुपारी दोन आणल्या. आता नातवाला रंगपंचमीसाठी देतो.